ओव्हन तापेना, तेव्हा कॉइल बदलण्याआधी



मागील अंकात आमच्या महिला बेकरी गटाच्या नागली बिस्किटांविषयी चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून दोन सेवाकेंद्रांतून मला फोन आले. दोघांची अडचण एकच होती. देणगीत मिळालेला कन्व्हेक्शन ओव्हन आहे, पण नीट तापत नाही; कॉइल बदलली तरी पुन्हा तेच. फोनवर जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. बाकीचे इथे सविस्तर लिहितो, कारण आम्हीही याच वाटेने गेलो, आणि त्यात पैसे तर गेलेच, पण त्याहून मोठे काही जाता जाता राहिले.

आमचा गट जव्हार भागातल्या एका पाड्यावर काम करतो. गटात सात जणी आहेत. नागलीचे पीठ, थोडा गहू, गूळ आणि लोणी यांची बिस्किटे करून त्या जवळपासच्या वसतिगृहांना देतात. ओव्हन चार ट्रेचा, साध्या सिंगल फेज विजेवर चालणारा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या ओव्हनमध्ये कॉइल वर आणि खाली असते, आणि उष्णता जशी पोहोचेल तशी पोहोचते. कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये मागच्या भिंतीआड एक पंखा असतो आणि त्या पंख्याभोवती गोल वळवलेली कॉइल. पंखा हवा ओढतो, कॉइलवरून फिरवतो आणि सगळ्या ट्रेवर सोडतो. त्यामुळे चारही ट्रे एकाच वेळी भाजता येतात. आमच्या ओव्हनमध्ये अशा दोन कॉइली आहेत, प्रत्येकी १५०० वॅटची.

कॉइल म्हणून जी काळपट नळी दिसते ती खरी कॉइल नव्हे. ती नुसते आवरण आहे. तिच्या मधोमध निक्रोमची बारीक गुंडाळलेली तार असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र अडवते. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

गेल्या वर्षी पावसाळा लागला आणि गटातल्या मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, भट्टीत पयल्यावानी दम नाय राहिला." पूर्वी वीस मिनिटांत तापणारा ओव्हन आता पाऊण तास घेत होता. मी म्हणालो, "मावशी, व्होल्टेज कमी आहे, पावसाळ्यात असंच होतं." आमच्याकडे प्रत्येक बिघाडाला हे उत्तर चालते. मावशींनी आणखी दोनदा सांगितले. मी दोनदा तेच उत्तर दिले.

नागलीची एक अडचण आहे. मैद्याचे बिस्किट भाजले की नाही ते रंगावरून कळते. नागलीचे बिस्किट कच्चे असतानाच तपकिरी असते. मावशी वासावरून आणि मोडताना होणाऱ्या आवाजावरून ओळखतात, पण रोज शेकडो बिस्किटे निघतात तेव्हा प्रत्येक ट्रेमागे कोण मोडून बघणार? पंधरा दिवसांनी एका वसतिगृहाने पाकिटे परत पाठवली. बिस्किटे मऊ पडली होती, काहींवर बुरशी होती. आत ओलावा राहिला की असेच होते. त्या खेपेची गूळ-लोण्याची उधारी गटाच्या डोक्यावर बसली ती वेगळीच.

मग शहरातून मेकॅनिक बोलावला. त्याने मागचा पत्रा काढला, आत पाहिले, म्हणाला, "दोन्ही कॉइली गेल्या." नव्या बसवल्या, ७,२०० रुपये घेतले. ओव्हन तापू लागला. आम्ही आनंदात. सहा आठवड्यांनी मावशी पुन्हा म्हणाल्या, "दम नाय." या वेळी मात्र मी व्होल्टेजचे नाव काढले नाही.

आमच्या मंडळीत आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांना विनंती केली. ते आले आणि पिशवीतून मल्टिमीटर काढण्याआधी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. अजिबात तापत नाही, की कमी तापते, की चालू करताच वीज जाते? या तीन तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणी नेतात, असे ते म्हणाले. आपण तिन्हींना "कॉइल गेली" हे एकच नाव देतो.

अजिबात तापत नसेल आणि पंखा, दिवाही बंद असेल, तर कॉइलकडे जाऊच नये. प्लग, सॉकेट, एमसीबी पाहावे. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण गरम होत नाही, असे असेल तर आधी टायमर शून्यावर नाही ना ते बघा. बऱ्याच ओव्हनमध्ये टायमर संपला की कॉइलची वीज तुटते. मग दाराचा स्विच. मग मागच्या बाजूला असलेले लहान बटण. हे बटण म्हणजे अति तापल्यावर वीज तोडणारी सुरक्षा कळ. ते एकदा दाबून ओव्हन चालू झाला तर ठीक, पण पुन्हा पुन्हा उडत असेल तर दाबत बसू नये. बहुधा पंखा अडकलेला किंवा पिठाच्या धुळीने मंदावलेला असतो. हवा फिरली नाही की कॉइल स्वतःच्याच उष्णतेत तापत राहते. यानंतरही उलगडा झाला नाही तर थर्मोस्टॅट तपासावा.

आमची तक्रार दुसरी होती, कमी तापण्याची. तिथे सरांनी सर्वप्रथम माझ्या आवडत्या उत्तराची तपासणी केली. व्होल्टेज खरेच कमी असू शकते, आणि त्याचा परिणाम आपण समजतो त्याहून मोठा असतो. २३० व्होल्टवर ३००० वॅट देणारा ओव्हन १८० व्होल्टवर किती देईल? आपण अंदाजाने पाऊण पट म्हणू. प्रत्यक्षात तो १८४० वॅटच्या आसपास देतो, म्हणजे साधारण ६१ टक्के. कारण व्होल्टेज कमी झाले की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि घट दोन्हीकडून लागते. त्यामुळे लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पाड्यांवर ओव्हन मंद होणे अगदी शक्य आहे. पण व्होल्टेज बघायचे ते ओव्हन चालू असताना. बंद असताना सॉकेटवर २३० दिसतील आणि ओव्हन लावताच ते खाली येतील. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो शेजारच्या सॉकेटात लावून ठेवला की उघड्या तारेला हात न लावता कळते. आमच्याकडे ओव्हन चालू असताना २१२ आले. कमी खरे, पण पाऊण तास लागावा इतके नाही.

मग त्यांनी क्लॅम्प मीटर काढला. हा चिमट्यासारखा असतो, तारेभोवती नुसता अडकवायचा. पण तो एकाच तारेभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर शून्य दाखवतो. म्हणून सरांनी एक आखूड एक्स्टेन्शन तयार करून आणले होते, त्याचे वरचे आवरण मधे चिरून तिन्ही तारा वेगळ्या केलेल्या, आतले रंगीत आवरण मात्र शाबूत. ३००० वॅटला २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर लागतात. २१२ व्होल्टवर १२ यायला हवेत. मीटरवर ६ आले. म्हणजे दोनपैकी एक कॉइल कामच करत नव्हती. ओव्हनचा एक स्क्रूही न काढता एवढे समजले.

इथे मी म्हणालो, "म्हणजे नवी कॉइल सहा आठवड्यांत गेली." सर म्हणाले, "मोजल्याशिवाय नाव घ्यायचं नाही."

ओव्हन उघडण्याआधी प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण खेड्यापाड्यांत जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. तसे असेल तर स्विच न्यूट्रल तोडतो, आणि ओव्हन बंद दिसला तरी आत फेज तशीच उभी असते. प्लग काढून तो ज्याने उघडायचे त्याच्याच खिशात किंवा नजरेसमोर ठेवावा. मग थंड होऊ द्यावे. तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा. गटातल्या सगळ्यांत लहान ताईने चार बाजूंनी फोटो काढले, आणि पुढे जोडताना तेच कामाला आले.

कॉइल मोजताना तिची निदान एक तार सोडवून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या कॉइलमधूनही वाट मिळते आणि आकडा फसवतो. मीटर २०० ओहमवर ठेवायचा. आकडा किती यायला हवा याचा हिशेब सोपा आहे: २३० गुणिले २३०, म्हणजे ५२,९००, त्याला कॉइलच्या वॅटने भागायचे. १५०० वॅटला ३५ ओहमच्या थोडे वर, २००० वॅटला २६, १००० वॅटला ५३. थंड कॉइल किंचित कमी दाखवते, त्याची चिंता नको. मीटरने नुसता १ किंवा ओ.एल. दाखवला तर आतली तार तुटली, ती कॉइल खरोखर गेली. सेमिनरीत हिब्रू क्रियापदांनी मला घाम फोडला होता, त्यापुढे हा भागाकार फारच दयाळू आहे. लहान ताईने तो भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला, अजून पुसलेला नाही.

आमच्या दोन्ही कॉइली ३५ च्या आसपास निघाल्या. दोन्ही चांगल्या!

बिघाड मावशींना दिसला. त्या टॉर्च धरून उभ्या होत्या. "भाऊ, ही चिमटी काळी का?" एका कॉइलच्या टोकावर बसणारे थिंबल जळून काळे, ठिसूळ झाले होते, आणि त्याच्या मागची वायर वीतभर कडक पडली होती. थिंबल सैल असले की जोडाच्या जागी वीज अडखळते, ती जागा तापते, तापून आणखी सैल होते, आणि एक दिवस जोड सुटल्यासारखाच होतो. त्यातून ती वायर घरातल्या वायरिंगची साधी पीव्हीसीची होती; पूर्वी कोणीतरी तिथे जोडलेली असावी. कॉइलपाशी ती टिकत नाही. तिथे काचधाग्याचे किंवा सिलिकॉनचे आवरण असलेली, उष्णता सोसणारी वायर हवी, आणि थिंबल दाबून घट्ट बसवायला हवे. डाग देऊन चालत नाही, कारण नेहमीचे शिशाचे डाग १८० ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते आणि आपण बिस्किटे भाजतो १६०-१७० अंशांवर. एवढ्या जवळच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

मेकॅनिकने काय केले असेल हे आता उघड होते. कॉइली बदलताना त्याने तेच थिंबल नव्या टोकावर दाबून बसवले. हलवल्यामुळे ते सहा आठवडे चालले. मग जुन्या कॉइलींचे काय? मावशींनी त्या फेकल्या नव्हत्या. चुलीवरच्या माळ्यावर धुरात पडून होत्या. खाली आणून मोजल्या. एक ३५.१, दुसरी ३५.४. आमचे ७,२०० रुपये दोन चांगल्या कॉइली काढून दोन चांगल्या कॉइली बसवण्यात गेले होते.

मी एव्हाना ओव्हन बंद करून ऑर्डरच्या मागे लागायच्या तयारीत होतो. तेवढ्यात सरांनी सहज विचारले, "ओव्हनला हात लावल्यावर काही जाणवतं का?" कोणी बोलेना. मग लहान ताई म्हणाली, "मुंग्या येतात. पावसापासून. भाऊंनी सांगितलंय गोणपाटावर उभं राहून काम करा."

हो, मी सांगितले होते. जूनमध्ये कोणीतरी म्हणाले होते की ट्रे काढताना हाताला झिणझिण्या येतात, आणि मी कोरडे गोणपाट पसरायला सांगून पुढच्या कामाला निघून गेलो होतो. सरांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते उठले आणि सॉकेट उघडले. तिसऱ्या, मोठ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती. अर्थिंग नव्हतेच.

मग त्यांनी मेगर लावला. हे यंत्र ५०० व्होल्ट देऊन बघते की कॉइलच्या तारेतून बाहेरच्या नळीत वीज झिरपते का. साध्या मल्टिमीटरची बॅटरी लहान, तिला सगळी गळती दिसतेच असे नाही. चांगल्या कॉइलला निदान १ मेगाओहम यावा. नव्या कॉइलींपैकी एकीला ०.१ आला. मघाशी सांगितलेली ती पांढरी पूड दमट हवेतली ओल ओढून घेते, टोकाचे सील कच्चे असेल तर लवकरच. जव्हारच्या पावसात ते नवल नाही. ०.१ मेगाओहम म्हणजे २३० व्होल्टवर २ मिलिअँपिअरच्या जरा वर. एवढ्याने मुंग्या येतात. पण अर्थिंग नसताना ती वीज जमिनीत जायला एकच वाट शोधते, ओव्हनला हात लावणाऱ्या माणसाची. ओल आणखी वाढली, फरशी ओली असली, पायात चप्पल नसली, तर तोच आकडा कितीतरी पट होतो. ३० मिलिअँपिअर जीवघेणे ठरू शकतात. एमसीबी याला अजिबात ओळखत नाही. तो १६ किंवा २० अँपिअरला उडतो, म्हणजे माणूस मरेपर्यंत तो शांत बसेल.

सरांनी प्लग खिशात घातला आणि म्हणाले, अर्थिंग होईपर्यंत ओव्हन लागणार नाही. मी म्हटले, सर, तीनशे पाकिटे शुक्रवारी द्यायची आहेत, मागचीच परत आलीत, आता वेळ चुकली तर ऑर्डर जाईल. थिंबल बदलू, गोणपाट आहेच, एवढी खेप होऊ द्या. सरांच्या आधी मावशीच बोलल्या. "भाऊ, जाऊ दे ऑर्डर. माझी सून पण हितंच काम करते."

शुक्रवारची ऑर्डर गेली. वसतिगृहाच्या वॉर्डनना मी स्वतः जाऊन कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि त्या महिन्यापुरती दुसरीकडून बिस्किटे घेतली.

त्या आठवड्यात परवानाधारक वायरमनकडून खड्डा करून अर्थिंग घेतले, ओव्हनसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढली, आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. आरसीसीबी हा एमसीबीपेक्षा वेगळा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला की तो तोडतो. पण त्यावरही विसंबून मेगर सोडू नये. आमची २ मिलिअँपिअरची गळती त्याला कळलीच नसती. पुढे कधी तो ओव्हन लावताच उडू लागला, तर ती तिसरी तक्रार, "चालू करताच वीज जाते" ती. तेव्हा आरसीसीबी काढून टाकणारे किंवा अर्थिंगची तार सोडवणारे सल्लागार प्रत्येक गावात भेटतात. त्यांना चहा द्यावा आणि परत पाठवावे.

कॉइलचे काय केले? माळ्यावरच्या दोन्ही जुन्या कॉइलींना मेगर लावला. चुलीच्या उबेत राहून त्या खडखडीत कोरड्या होत्या. त्यातली एक पुन्हा बसवली. ओली नवी कॉइल मी उन्हात ठेवणार होतो. सर म्हणाले उन्हाने आतली ओल जात नाही. ओव्हन सुरू झाल्यावर तीच कॉइल ट्रेमध्ये ठेवून १२० अंशांवर तीन तास भाजली, बिस्किटासारखी. थंड झाल्यावर मेगरने २० मेगाओहमच्या वर दाखवले. ती आता प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावरच ठेवली आहे, जुन्या दुसऱ्या कॉइलच्या शेजारी.

ओव्हन पुन्हा वीस-बावीस मिनिटांत तापतो. गटाने स्वतःच्या बचतीतून मल्टिमीटर घेतला. मेगर महाग, तो सर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर घेऊन येतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्लग काढून, मागचा पत्रा उघडून, थिंबले हलवून बघणे आणि पंख्यावरचे पीठ ब्रशने झाडणे हे काम लहान ताईकडे आहे, आणि तिची वही मी बघतो. मावशी काही म्हणाल्या तर तेही त्या वहीत तारखेसह लिहायचे, असे ठरले आहे. वसतिगृहाची ऑर्डर दोन महिन्यांनी परत सुरू झाली, आधीच्या निम्मी.

ज्या देणगीदारांना जुना ओव्हन एखाद्या केंद्राला द्यायचा असेल, त्यांनी पाठवण्यापूर्वी मागच्या किंवा बाजूच्या पट्टीचा, ज्यावर व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात, फोटो काढून आधी पाठवावा. थ्री फेजचा ओव्हन असेल तर तसे अवश्य कळवावे, आमच्या बहुतेक पाड्यांवर ती लाइन नाही. आणि ज्या केंद्राला तो जाणार आहे, त्यांनी टेम्पो यायच्या आधी सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का, ते उघडून बघून ठेवावे.